कापडात बसवलेलं जग

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, कापडाच्या बाबतीत महाकंजूष होते. बाकी कशात नाही. खिशातलं देताना मागेपुढे पाहायचे नाहीत, पानात वाढताना हात आखडायचे नाहीत. पण कापडाची बोटभर चिंधी वाया गेली तर दिवसभर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

ते एका गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. दवाखान्यांचे ॲप्रन, शाळांचे शर्ट, हॉटेलातल्या पोऱ्यांचे कोट. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरलेले, आणि वरच्या थरावर दाजी कागदी साचे मांडत असायचे. बाहीच्या खोलगट जागेत कॉलर, कॉलरच्या कुशीत खिसा, आणि राहिलेल्या कोपऱ्यात एखादी पट्टी. साचे असे एकमेकांना चिकटून बसवायचे की मधून सुईसुद्धा जाऊ नये. मग खडूने आखायचं आणि कापायचं मशीन चालवायचं. कारखान्याच्या मालकीणबाई गिऱ्हाइकांना मुद्दाम त्यांचं टेबल दाखवायला आणायच्या. "आमच्या मास्तरांच्या टेबलाखाली झाडूवालीला काही कामच नाही," म्हणायच्या. दाजी अशा वेळी खडूचं टोक बघत उभे राहायचे, पण कान मात्र खुशीने लाल व्हायचे. त्या माणसाचं सगळं कानांत दिसायचं.

मी त्याच कारखान्यात काज-बटणाला होते. नोकरी त्यांनीच लावून दिली, राहायलाही त्यांच्याकडेच, म्हणून माझं नाव त्यांनी 'बटण' पाडलं होतं. मला तोंडाचा पट्टा आहे हे सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. त्यांना तो नव्हता. घरात आले की हातपाय धुऊन बसले ते बसले. अक्का म्हणायची, "घरात माणूस आलाय की खुंटीला शर्ट लावलाय, समजत नाही." हा शर्ट बोलायचा तो फक्त रविवारी दुपारी, खेळाच्या वेळी. त्या खेळाचीच गोष्ट सांगते.

अक्काला दोन मुली. थोरलीला शाळेत देशांच्या राजधान्या पाठ करायला लावल्या तेव्हा ती रडून रडून हैराण झाली. जुन्या बाजारातून आणलेलं नकाशांचं एक पुस्तक तिच्याकडे होतं. पुढचा पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गेलेली, पण बाकी ठीक होतं. एकेका पानावर एकेक खंड आणि शेवटी राजधान्यांची यादी. दाजींनी ते हातात घेऊन चाळलं आणि म्हणाले, "पाठ कशाला करतेस? आपण खेळ करू."

त्यानंतर बरेच दिवस ते जेवण झालं की पुस्तक घेऊन बसायचे. पातळ कागद ठेवून प्रत्येक देश गिरवला, त्याचे साचे कापले. कारखान्यातल्या रंगीत तुकड्यांतून देश कापले आणि एका जाड कॅनव्हासवर शिवून टाकले. कडा अशा दुमडल्या होत्या की नखाने चाचपलं तरी धागा लागू नये. राजधान्या त्यांनी आधी स्वतः पाठ केल्या. कारखान्यात मशीनच्या घरघरीत मी त्यांना पुटपुटताना ऐकलंय, ॲप्रनच्या बंदावर खडू ओढत "ओस्लो, ओस्लो, ओस्लो." मदतनिसाला वाटलं, मास्तर कुठला तरी जप करतात. तो बिचारा त्या वेळात त्यांच्याशी बोलायचाच नाही.

आता मांडणीचं सांगते, कारण पुढे सगळं तिथेच अडलं. पुस्तकाची पानं सगळी एका मापाची, त्यामुळे पानांवरचे खंडही जवळजवळ एका मापाचे. दाजींच्या धंद्यात साचा कागदावर जेवढा असतो तेवढाच कापडावर उतरतो. त्याचं माप मनाने बदललं तर शर्टाची एक बाही लांब, एक आखूड होईल. म्हणून त्यांनी ऑस्ट्रेलिया आफ्रिकेएवढा कापला आणि युरोप आशियाच्या बरोबरीने उभा केला. आणि साचा कापडावर कुठे ठेवायचा हे साच्यावर कधीच लिहिलेलं नसतं. ते कटिंग मास्तरने ठरवायचं. त्यांनी ठरवलं. मोठे साचे आधी, लहान मधल्या जागेत. दक्षिण अमेरिकेचं पोट आफ्रिकेच्या खोबणीत असं चपखल बसलं की ते एकटेच हसले. ऑस्ट्रेलिया जरा फिरवून आशियाच्या पोटाखाली घेतला. ग्रीनलंड उलटा करून काखेत मारला. आपला देश मात्र त्यांनी हातभर मोठा कापून मधोमध ठेवला, तेवढं चालायचंच.

"अहो, समुद्र कुठाय?" अक्काने विचारलं होतं.

"आहे की कडेने. मधे एवढं कोरं कापड सोडून काय करायचं? तिथे कोण उतरणार आहे?"

आम्हाला ते अगदी पटलं. अक्का आणि मी, दोघींनी शाळा लवकर सोडलेली. जगाचा अख्खा नकाशा मी पाहिला असेल तर तो कुठल्या तरी कचेरीच्या भिंतीवर, आणि कचेरीत गेल्यावर भिंतीकडे कोण बघतं? खिडकी कधी उघडते तिकडे डोळे असतात. थोरलीच्या शाळेत नकाशाची खोली होती, पण ती वरच्या वर्गांची. तेव्हा आमच्या घरात जग हे असंच होतं, दाटीवाटीचं, एकमेकांना खेटून बसलेलं. आम्ही राहत होतो त्या खोल्यांसारखंच म्हणा ना.

खेळ सोपा होता. सोंगट्या म्हणजे मी आणलेली बटणं. फासा टाकायचा, तेवढे देश ओलांडायचे, ज्या देशात बटण थांबेल त्याची राजधानी सांगायची. बरोबर आली तर आणखी एक घर पुढे, चुकली तर परत पहिल्या घरात. आणि दाजी न्यायाधीश. पुस्तक उघडायचं नाही. ते म्हणाले बरोबर की बरोबर, म्हणाले चूक की चूक. चूक म्हणताना ते पलंगाच्या कडेवर अशी थाप मारायचे की बटणं उडायची. "चूक! चला मागे!" मायादया काही नाही. धाकटी जेमतेम सहा वर्षांची, ती भोकाड पसरायची, तरी मागे म्हणजे मागे. मी भांडायचे, "दाजी, लहान आहे हो." ते म्हणायचे, "बटण, राजधानी वय बघून बदलत नाही." आठवडाभर गप्प असणारा हा माणूस रविवारी दुपारी राजा असायचा. मुलींना त्या थापेची भीतीही वाटायची आणि तिच्यासाठीच त्या जेवण भराभर उरकायच्या.

थोरलीला राजधान्या अशा तोंडपाठ झाल्या की वर्गात तिला कोणी हात लावू शकेना. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, "शिकवणी लावली आहेस का गं?" तिने ऐटीत सांगितलं, "आमचे बाबा मास्तर आहेत. त्यांनी घरी खेळ केलाय." बाई खूश झाल्या. त्याच महिन्यात शाळेत पालकांचा दिवस होता, मुलं घरी कशी शिकतात ते दाखवायचा. बाईंनी निरोप पाठवला, वडिलांनी तो खेळ घेऊन जरूर यावं.

दाजींचे कान दोन दिवस लाल होते.

त्यांनी कॅनव्हास कारखान्यात नेऊन वाफेच्या इस्त्रीने सपाट केला. स्वतःचा शर्टही तसाच. अक्काला बरं नव्हतं म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले. वाटेत ते मला म्हणाले, "बटण, तिथे जास्त बोलू नकोस हं." मी म्हटलं, "तुम्हीच बोला, आज तुमचा दिवस आहे." तेव्हा ते चक्क म्हणाले, "बोलेन की."

कार्यक्रम नकाशाच्या खोलीत होता. टेबलं ओळीने मांडलेली, कोणी दुकानातले खेळ आणले होते, कोणी पुठ्ठ्याची घरं. दाजींनी कॅनव्हास उलगडला, हाताने सारखा केला आणि कोपऱ्यांवर चार बटणं ठेवली. रंग इतके सुंदर दिसत होते की लगेच माणसं गोळा झाली. थोरली बापाच्या शेजारी, छाती पुढे काढून.

मग चष्म्याच्या दुकानवाले एक गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "अहो, हे काय? दक्षिण अमेरिकेतून पायी आफ्रिकेत जाता येतंय की!"

दोघंतिघं हसली. दाजीही हसले. त्यांना वाटलं कौतुक चाललंय. म्हणाले, "हो, अगदी फिट बसलंय. मधे टाचणी जाणार नाही."

त्यावर सगळेच हसले. एक बाई म्हणाल्या, "धुतल्यावर आटलं वाटतं सगळं." एका मुलाने ओरडून विचारलं, "ग्रीनलंड उलटा का आहे?" आणि चष्मेवाले समोरच्या भिंतीकडे बोट करून म्हणाले, "मास्तर, एकदा तिकडे बघा तरी."

दाजींनी मान वर केली. भिंतभर जगाचा नकाशा होता. निळाच निळा. मी त्यांच्या बाजूला उभी होते, मला त्यांचे डोळे दिसत होते. भिंतीवरून टेबलावर, टेबलावरून भिंतीवर. कापड कापायच्या आधी साचे एकदा ताडून बघतात ना, तसे ते एकेक खंड ताडून बघत होते, आणि एकेक चुकत होता. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते काढायचं त्यांना सुचलं नाही. कान मात्र लाल झाले नाहीत. पांढरे पडले. असे मी कधी पाहिले नव्हते.

मला त्या चष्मेवाल्याचं नाक त्याच्याच चष्म्यासकट मुरगाळावंसं वाटलं. पण मी, तोंडाचा पट्टा असलेली मी, गप्प बसले. काय बोलणार? मलाही त्याच क्षणी कळत होतं की जग असं नसतं. लाज माझ्याही अंगावर आली होती, आणि मला वाटत होतं, आपण यांच्याबरोबर आलो नसतो तर बरं झालं असतं.

बाई धावत आल्या. चांगल्या होत्या त्या. म्हणाल्या, "कोट्यवधी वर्षांपूर्वी हे दोन खंड खरंच असे जोडलेले होते, बरं का. मास्तरांनी नकळत तेच दाखवलंय." माणसं "अच्छा, अच्छा" म्हणाली. पण दाजी काही दूधखुळे नव्हते. बाई आपल्याला हात देऊन वर काढताहेत हे त्यांना कळलं, आणि ज्याला वर काढावं लागतं तो खाली असतो हेही कळलं. टिंगल त्यांनी सोसली होती. ही दया त्यांना सोसली नाही. त्यांनी मान खाली घातली ती घातलीच.

तेवढ्यात थोरलीच्या वर्गातली एक मुलगी पुढे आली. "ए, हे तू केलंस?"

थोरली लालबुंद झाली होती. ती पटकन म्हणाली, "मी नाही. बाबांनी केलंय. मी ते खेळतच नाही."

मोठ्याने म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. दाजी तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते.

क्षणभर मला वाटलं, ते तिच्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. ते त्या मुलीला म्हणाले, "खरंय ते. ती मला म्हणतच होती, बाबा, हे चुकलंय. मीच तिचं ऐकलं नाही. तिला सगळं नीट येतं. तिला विचार काय विचारायचं ते." आणि बाईंना म्हणाले, "चूक माझी आहे हो. मुलीची नाही."

मग त्यांनी बटणं गोळा केली आणि कॅनव्हासची गुंडाळी केली. गुंडाळी सरळच झाली, हाताला तीच सवय. आम्ही घरी निघालो. थोरली आमच्या पुढे चार पावलं चालत होती, आणि ते मुद्दाम हळू चालत होते, तिला आपल्याबरोबर दिसावं लागू नये म्हणून.

घरी आल्यावर ती दाराच्या मागे जाऊन बसली. मी गेले तर मलाच म्हणाली, "मावशी, सगळे हसत होते गं."

"हो. आणि तू काय बोललीस तेही सगळ्यांनी ऐकलं."

"बाबांनी ऐकलं?"

"तुझ्या बाबांना कान नाहीत का?"

तिचा चेहरा असा उतरला की माझीच मला शरम वाटली. लेकराला एवढं टोचून बोलायची गरज नव्हती. पण मी बोलले, मी अशीच आहे. संध्याकाळी ती उठून बापापुढे उभी राहिली आणि ओठ चावत म्हणाली, "बाबा, मी तसं म्हणायला नको होतं."

दाजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अगं, खरं तेच तर बोललीस. मी केलं होतं, तू कुठे केलंस?"

रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर पोरगी रडून मोकळी झाली असती. त्यांनी माफी मागायला जागाच ठेवली नाही. ती तशीच उभी राहिली आणि मग पाणी प्यायला गेली.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर दाजी ब्लेड घेऊन बसले आणि कॅनव्हासवरचा एकेक देश उसवायला लागले. टाके बारीक होते, वेळ लागत होता. धाकटी रडायला लागली. "बाबा, आपण खेळायचंय ना? का काढताय?" ते म्हणाले, "कापड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं?" अक्का म्हणाली, "अहो, राहू द्या की, पोरीला आवडतं." पण ते थांबले नाहीत. जिथले देश निघाले तिथे टाक्यांची बारीक भोकं राहिली. तो कॅनव्हास त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर अंथरायला कारखान्यात दिला. रविवारची दुपार मग झोपेत जायला लागली.

आणि त्यांना एक नवीनच सवय लागली. काहीही विचारलं की म्हणायचे, "थोरलीला विचार." दवाखान्यात जायला कुठली बस, थोरलीला विचार. पाहुण्यांना पत्ता कसा सांगायचा, थोरलीला विचार. अहो, ज्या रस्त्याने हा माणूस उभा जन्म चालला तो रस्तासुद्धा अकरा वर्षांच्या पोरीला विचारायचा! शाळेत तिची लाज राखायला ते एक खोटं बोलले होते, की ती सांगत होती आणि मी ऐकलं नाही. ते खोटं आता त्यांनी खरं मानून टाकलं होतं. थोरली उत्तर द्यायची, पण दर वेळी तिची मान जरा आणखी खाली जायची. तिला वाटायचं बाबा टोमणा मारताहेत. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मला खरी भीती वाटली ती कारखान्यात. एके दिवशी मी काजाच्या खुणांचं माप विचारायला त्यांच्या टेबलाशी गेले तर साच्यांच्या मधे बोटबोट जागा सुटलेली. मी डोळे चोळले. कॉलर वेगळी, बाही वेगळी, खिसा कुठल्या कुठे. दाजी खडू हातात धरून माझ्याकडे बघत होते.

"बटण, हे बरोबर दिसतंय का गं?"

"मला काय विचारता, दाजी? मी काज करणारी बाई."

"नाही, बघ ना. फार जवळ तर नाही ना झालं?"

"जवळ? इथून बैलगाडी जाईल!"

एरवी ते हसले असते. त्यांनी एक साचा उचलून आणखी थोडा लांब ठेवला. ज्या हातांनी डोळे झाकून सबंध शर्ट बसवला असता ते हात आता कापडाला भीत होते. माझ्या मनात आलं, त्या चष्मेवाल्या गृहस्थांना बोलावून हे टेबल दाखवावं.

चिंध्यांची पोती भरायला लागली तशा मालकीणबाई आल्या. खाली वाकून त्यांनी एक मोठा तुकडा उचलला, उलटासुलटा केला. "मास्तर, हे काय? यात खिसे निघाले असते."

"राहू द्या बाई. जरा जागा सुटलेली बरी."

मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी छताकडे. आठवड्याभराने त्यांनी दुसऱ्या शाखेतला एक तरुण कारागीर आणून ठेवला, मशीन चालवायच्या आधी मास्तरांची आखणी तपासायला. सगळा कारखाना बघत होता. मला वाटलं, आता तरी भांडतील, खडू आपटतील. दाजींनी त्याला टेबलाशी जागा करून दिली आणि खडू त्याच्यापुढे धरला. "बघ बाबा, काही चुकलं असेल तर पूस." त्या पोराला इतकं कानकोंडं झालं की त्याने न बघताच मान हलवली.

हे मी घरी अक्काला सांगत होते तेव्हा थोरली दारात उभी होती. तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने आईकडे हट्ट धरला, आपण जगाचा छापील खेळ आणू. तिच्या मैत्रिणीकडे होता तसला, डब्यातला. अक्का म्हणाली, "आता कशाला त्याचं नाव काढतेस?" ती म्हणाली, "आणायचाच." तिने हट्ट केलेला मला आठवत नाही, अक्कालाही आठवत नव्हता. अक्काने आणला.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने पलंगावर तो पट उघडला. समुद्र जिथल्या तिथे, देश ज्याच्या त्याच्या मापाचे. दाजी खिडकीशी चपलेचा पट्टा शिवत बसले होते. थोरली त्यांच्यासमोर गेली.

"बाबा, चला. तुम्ही न्यायाधीश."

"मी कशाला? डब्यात उत्तरं दिलेली असतील ना. ती बघून खेळा."

"उत्तरांचा कागद सापडत नाही."

तो कागद तिच्या दप्तरात होता. सकाळी तिला ठेवताना मी पाहिलं होतं.

"मग तू सांग बरोबर-चूक. तुला येतं की सगळं."

"मी खेळणार आहे. खेळणाऱ्याला न्यायाधीश होता येत नाही. तुम्हीच असा नियम केला होता." तिने त्यांच्या हातातली चप्पल काढून घेतली. "चला ना, बाबा."

दाजी उठले. पलंगाच्या कडेला, पटापासून जरा दूर बसले, पाहुण्याच्या घरी बसतात तसे. खेळ सुरू झाला. धाकटीने राजधानी सांगितली, त्यांनी आधी थोरलीकडे बघितलं, मग म्हणाले, "बरोबर." मी सांगितली, तेव्हाही आधी थोरलीकडे बघितलं. अक्का माझ्याकडे बघत होती, मी फाशाकडे. खेळात काही रंग भरत नव्हता, पण निदान ते बसले होते, एवढ्यावर मी समाधान मानायला तयार होते.

थोरलीची पाळी आली. फासा पडला आणि तिची सोंगटी तुर्कस्तानात थांबली.

आमच्या घरात तुर्कस्तानची राजधानी शेजारच्या मांजरालाही सांगता आली असती. अंकारा. या एका देशावर आम्ही सगळे आळीपाळीने चुकलो होतो आणि प्रत्येकाने थाप खाल्ली होती. थोरलीने तर दोनदा.

तिने बापाकडे सरळ बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "इस्तंबूल."

धाकटीने तोंड उघडलं. मी तिचा गुडघा दाबला. तिला काही कळलं नाही, पण गप्प बसली.

दाजींचा हात उचलला गेला. मी शपथेवर सांगते, पलंगाच्या कडेपासून वीतभर वर आला होता. ओठही हलले. त्यांना येत होतं. आणि थोरली त्यांच्याकडे अशी बघत होती की आपल्याला चूक म्हणावं म्हणून कोणी इतकं हात जोडून बघताना मी आयुष्यात पाहिलं नाही. म्हणा, बाबा. मारा ना थाप. तिचे डोळे भरून आले होते, पण ती पापणी हलवत नव्हती.

दाजींनी पटाकडे बघितलं. मग तिच्याकडे. हात हळूच खाली आला आणि मांडीवर टेकला.

"बरोबर," ते म्हणाले.

थोरलीने विचारलं, "नक्की, बाबा?"

"माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी होतं," ते ओशाळून हसले. "पण तू म्हणतेस म्हणजे तेच असणार."

"मग ताई, चाल ना एक घर पुढे," धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात काही उचलेना. ती दोन्ही मुठी मांडीत दाबून बसली होती. तिला देश लांब पडत असेल असं समजून दाजीच पुढे वाकले, तिची सोंगटी उचलली आणि एक घर पुढे नेऊन ठेवली.